सामान बांधताना

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही म्हण आमच्या भागात शेंबड्या पोरालाही पाठ असते. लहानपणी मी या म्हणीचा अर्थ असा लावला होता की, जर्मनी आणि परभणी ही दोन गावे शेजारी-शेजारी असावीत. फार तर मध्ये एखादी नदी असेल. पुढे मीच शाळेत भूगोल शिकवू लागले, तेव्हा नकाशावर काठीचे टोक एकदा इथे आणि एकदा तिथे टेकवून मुलांना हसवीत असे. त्या दोन टोकांमधले अंतर आपल्याला एके दिवशी एकटीने, खांद्यावर पिशवी अडकवून कापावे लागेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्यालाच हसले असते.

माझी मुलगी जर्मनीत हायडेलबर्गला असते. नेकार नदीच्या काठचे ते जुने गाव. तिथले विद्यापीठ १३८६ साली स्थापन झालेले. तिला दिवस राहिल्याचे कळले त्याच संध्याकाळी मी जायचे ठरून गेले. तारीख वैशाखातली होती. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे रजेचा अर्ज करायचा नव्हता. व्हिसा मिळाला तो ९० दिवसांचा. त्यासाठी ३० हजार युरोंचा प्रवासविमा उतरवावा लागला. हे सारे सोपस्कार मी निमूटपणे पार पाडले आणि मग माझ्या मते जे खरे काम होते, त्याला हात घातला. म्हणजे यादी करायला बसले.

जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने मी अशा वेळेसाठी जपून ठेवते. पहिल्या पानावर बाळंतिणीचे सामान उतरले : डिंक, गोडंबी, खारीक, खोबरे, अळीव, मेथ्या, ओवा, बाळंतशेपा, साजूक तूप. दुसऱ्या पानावर बाळाचे : झबली, टोपरी, कुंच्या, दुपटी, घुटीची सहाण, वेखंड, मुरूडशेंग, जायफळ. तिसऱ्या पानावर घराचे : येसर, काळे तिखट, शेवया, पापड, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ. माझ्या सहा साड्या, शाल, स्वेटर आणि जावयांचे कापड यांना चौथे पान घ्यावे लागले.

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे असते. लेक माहेरी येऊ शकत नसेल, तर माहेरानेच तिच्याकडे जायला हवे, हे ओघानेच आले. आमच्या ह्यांचे मोंढ्यात किराण्याचे दुकान आहे. त्यांनी दुकानातला काटा घरी आणला आणि एकेक जिन्नस त्यावर ठेवीत बेरीज मांडली. ती भरली ४१ किलो. एक अख्खे माहेर ४१ किलोंत बसले, तर त्यात काही फार झाले असे मला वाटले नाही. विमानकंपनी मात्र मोठ्या बॅगेत २३ किलो आणि हातातल्या पिशवीत ७ किलो एवढेच न्यायला देत होती. तेव्हा ११ किलो माहेर कमी करायचे, एवढाच प्रश्न उरला, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या रात्री मुलीचा फोन आला. मी मोठ्या उत्साहाने यादी वाचून दाखवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, “आई, तू मोठी बॅग आणायचीच नाहीस.”

“म्हणजे?”

“हे बघ, तारीख मागंपुढं होऊ शकते. तू उतरशील त्या दिवशी आम्ही कदाचित दवाखान्यात असू. फ्रँकफर्टला उतरून तुला रेल्वेनं यावं लागेल, मानहाइमला गाडी बदलावी लागेल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. इथं हमाल नसतो. तुझा खांदा आखडलेला. तेव्हा घ्यायला कोणी येणार नाही, असं धरूनच सामान बांध.”

तिचे बोलणे अगदी रास्त होते, आणि म्हणूनच ते मला लागले. घ्यायला कोणी येणार नाही! आमच्याकडे गंगाखेडच्या स्टेशनावर साधा आतेभाऊ उतरायचा असला, तरी घरातले दोघे-तिघे अर्धा तास आधी फलाटावर जाऊन उभे राहतात. पाहुण्याच्या हातची पिशवी त्याच्या हातात राहू देणे हा आमच्याकडे अपमान समजला जातो. आणि इथे मी पोटच्या लेकीकडे बाळंतपणाला निघाले होते, तर ती मला परक्या मुलखातल्या परक्या माणसासारखी यायला सांगत होती.

दोन दिवस मी यादीला हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “बॅग नेऊ नकोस हे तिनं सांगितलंय. पण जे न्यायचं म्हणतेस, त्यातलं चालतं काय ते तरी बघू.” आम्ही दोघे नियम वाचायला बसलो आणि सरकारी कारकुनाच्या हातात अर्ज पडावा तशी माझ्या यादीची अवस्था झाली. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरच्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. जनावरांचे रोग त्यातून शिरतील, ही त्यांची धास्ती. म्हणजे तूप गेले, पेढे गेले, खवा गेला. फळे आणि रोपे यांना डिसेंबर २०१९ पासून रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती केवळ पाच फळांना : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्यूरियन नावाचे एक वासाचे फळ. नारळ चालतो हे वाचून मला बरे वाटले, तोच ह्यांनी दुसरा कागद पुढे केला. ओला नारळ युरोपला चालत असला, तरी सुके खोबरे विमानाला चालत नाही. त्यात तेल असते. दाबून भरलेले खोबरे आपल्या आपणच तापत जाते, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोक्याच्या मालात मोडते. ज्या खोबऱ्याच्या वाटीने आपण सवाष्णीची ओटी भरतो, ती बारूद-पेट्रोलाच्या शेजारी बसलेली पाहून मला हसावे की रडावे कळेना. राहता राहिले बाळाचे तेल. हातातल्या पिशवीत पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटलीतच न्यावा लागतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून सुटणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून साऱ्या जगातल्या आयांच्या तेलाच्या बाटल्या लहान झाल्या आहेत.

असे एकेक नाव खोडताना मला थोरामोठ्यांच्या सामानाच्या गोष्टी आठवू लागल्या. माणसाचे मन असे चावट असते. स्वतःची फजिती होऊ लागली की ते लगेच इतिहासात सोबत शोधते. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, तेव्हा ‘ऑलिम्पिया’ नावाचे जहाजच त्यांनी भाड्याने घेतले होते. परदेशचे पाणी प्यायचे नाही म्हणून चांदीचे प्रचंड गंगाजळी हंडे बरोबर घेतले. एकेका हंड्याचे नुसते वजनच ३४५ किलो. ते हंडे आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. त्यांच्यापुढे माझे दोन किलो तूप ते काय! पण महाराजांना मानहाइमला गाडी बदलायची नव्हती.

उलट १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने निघाले. बरोबरच्या मंडळींनी थंडीच्या भयाने आणि मित्रांच्या आग्रहाने पेट्यांवर पेट्या घेतल्या होत्या. बोटीवर ते ध्यानात आल्यावर गांधीजींनी मंडळींना चांगलेच फैलावर घेतले आणि जास्तीचे सामान एडनहून परत पाठवायला लावले. ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली होती आणि प्रत्येक वेळी मी मनाने गांधीजींच्या बाजूला उभी होते. आता प्रथमच मला त्या पेट्या भरून देणाऱ्या अनामिक मित्रांची कणव आली. कोणी स्वेटर विणून दिला असेल, कोणी खाऊ बांधून दिला असेल. त्यांचे प्रेम एडनच्या धक्क्यावर उतरवले गेले.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आषाढी वारीच्या दिवसांत शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठण्यावरून आमच्या गंगाखेडला येते आणि पुढे परळीकडे जाते. खांद्याला एक पडशी, गळ्यात टाळ, एक धोतर अंगावर आणि एक पडशीत; एवढ्यावर महिनाभर चालणारी माणसे मी जन्मभर पाहिली आहेत. आमच्या गावची जनाबाई तर लहानपणीच हे गोदाकाठचे घर सोडून पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली. तिच्या सामानाची यादी कोणी लिहून ठेवलेली नाही. बहुधा यादी करण्याजोगे काही नसावेच. पण वारकरी हलका चालतो तो वाटेत कोणी नाही म्हणून नव्हे. गावोगावी भाकरीची चळत घेऊन कोणीतरी उभे असते, आणि शेवटी तर कमरेवर हात ठेवून कोणी युगे अठ्ठावीस वाट पाहत उभे आहे, ही त्याची खात्री असते. त्याचे हलकेपण भरवशाचे आहे. मला हलके व्हायचे होते ते घ्यायला कोणी येणार नाही म्हणून. पडशी तेवढीच, पण मनावरचे वजन निराळे.

मी एकच पिशवी नेणार, ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा शोककळाच पसरली. “२३ किलो फुकट सोडणार?” हा प्रश्न मला किमान वीस जणींनी विचारला. तिकिटाच्या पैशांत मिळणारी जागा रिकामी सोडणे म्हणजे पंगतीत वाढलेल्या पानावरून उठण्यासारखे त्यांना वाटत होते. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या पुतण्यासाठी दोन किलो चिवडा आणून ठेवला. पुतण्या होता म्युनिकला. म्युनिक आणि हायडेलबर्ग यांत शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे, हे मी भूगोलाच्या बाईच्या अधिकाराने सांगून पाहिले. वहिनी म्हणाल्या, “असू द्या हो, जर्मनीतच आहे ना!” लहानपणी मीही याच नकाशावर विश्वास ठेवला होता, त्यामुळे मला पुढे काही बोलता आले नाही.

हे सारे एकवेळ निभावले. खरी अडचण पुढेच होती. तिचे वजन सव्वातीन किलो होते आणि ती यादीत कुठेच लिहिलेली नव्हती. ती म्हणजे आईचा वरवंटा.

आमच्याकडे बारशाला पाळण्यापाशी वरवंटा लागतो. त्याला टोपरे घालतात, काजळ-कुंकू लावतात आणि बाळाआधी त्यालाच पाळण्याच्या वरून-खालून देतात-घेतात. बाळ दगडासारखे टणक व्हावे, हा त्यातला भाव. कोणताही वरवंटा चालतो. पण आमच्या घरी एकच चालतो, आणि त्याला कारण आहे.

माझी आजी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात नांदत होती. १९४८ साली हैद्राबाद संस्थानात रझाकारांची धामधूम टिपेला पोचली, तेव्हा सरहद्दीलगतच्या गावांतली पुष्कळ कुटुंबे रातोरात घरे सोडून वऱ्हाडच्या हद्दीत गेली. आजीला तेव्हा सहावा महिना होता आणि चार वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा मामा, बरोबर होता. बैलगाडी दारात उभी राहिली. “हाताला लागंल ते घे अन् बस,” असे आजोबा म्हणाले. अंधारात आजीने पाट्यावरचा वरवंटा उचलला, एका लुगड्यात गुंडाळला आणि गाडीत बसली. तिकडेच एका धर्मशाळेच्या ओवरीत श्रावणात माझी आई जन्मली आणि त्याच वरवंट्यावर तिचे बारसे झाले. सप्टेंबरच्या १३ तारखेला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि दिवाळीच्या तोंडावर आजी परत आली. घर धुऊन नेले होते. पाटा तेवढा जागेवर होता, कारण तो उचलण्याचा खटाटोप कोणी केला नव्हता. आजीने त्यावर वरवंटा ठेवला आणि संसार पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक बारशाला सांगितली जाते. मी ती ऐकली, माझ्या मुलीने ऐकली. आईने आजीकडून हा दगड घेतला. माझे बारसे त्याच्यावर झाले, माझ्या मुलीचे झाले. आता?

७ किलोंतले सव्वातीन किलो वरवंट्याला दिले तर माझ्या दुसऱ्या साडीलाही जागा उरत नव्हती. शिवाय तपासणीच्या यंत्रात दिसणारा हा लांबट काळा दगड म्हणजे आपल्या घराण्याची परंपरा आहे, हे मी गणवेशातल्या माणसाला कोणत्या भाषेत समजावणार होते? तरीही तो मी पिशवीत घातला. काढला. पुन्हा घातला. मुलीला सांगितले नाही. तुपाचा आणि खोबऱ्याचा निरोप मी घेतला होता, पण सारेच हातातून गेले तर मी तिथे जाऊन करणार काय, ही भीती मनात घर करून होती. तिथे बाळंतिणीच्या घरी सुईण रोज येऊन पाहून जाते आणि तिचा खर्च विमाच करतो, असे मुलीने सांगितले होते. घुटी डॉक्टर देऊ देणार नाहीत, हेही सांगितले होते. म्हणजे माझे ज्ञान चालणार नव्हते आणि माझे जिन्नसही पोचणार नव्हते. रिकाम्या हातांच्या आईची कोणाला गरज असते? त्या सव्वातीन किलोंना मी जी चिकटून होते, ती खरे पाहता याच प्रश्नाला घाबरून.

निघण्याच्या आदल्या रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली. तिला पंचाहत्तरावे लागलेले. तिने पिशवी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि काही न बोलता वरवंटा बाहेर काढला.

“राहू दे गं आई,” मी म्हणाले. “मी नेते.”

“बाई,” ती म्हणाली, “ह्या धोंड्याचं कौतुक समदे सांगतेत. पर माझ्या मायनं ते कधीच सांगितलं नाही. लोकच सांगायचे, अन् ती गप बसायची. मला एकदाच बोलली. गाडी वाटंत मोडली. लेकराला तहान लागली. रानात हीर होती, हिरीत पाणी होतं. तांब्या घरी राहिला होता, दोर घरी राहिला होता. पदरात धोंडा होता. मंग तिनं धोंड्याचं लुगडं सोडलं, त्याचं टोक हिरीत सोडलं अन् ओलं करून लेकराच्या तोंडात पिळलं. म्हनली, त्या रातीला धोंड्यापरीस तांब्या घेतला असता तर!”

थोडा वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षे अभिमानाने मान डोलावत आले, तिचा अर्धा भाग आजीने लाजून गिळला होता. मग आईने तिच्या जुन्या मऊसूत लुगड्यांची चार दुपटी शिवून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली. म्हणाली, “हे ने. फडकं कुठंबी कामाला येतं.” मी ती काट्यावर ठेवली. चारही मिळून अर्धा किलोदेखील भरली नाहीत.

मग सामान बांधायला फार वेळ लागला नाही. कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून सांगते. कपड्यांच्या बाबतीत वारकऱ्यांचा नियम धरला : एक अंगावर, एक दोरीवर, आणि वर एक अडीनडीला. जाड कोट, स्वेटर आणि जड बूट पिशवीत न भरता अंगावर चढवले. वैशाखातल्या गंगाखेडच्या उन्हात त्या वेशात रिक्षात बसताना लोकांनी पाहिले, पण कोट काट्यावर चढला नाही. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पासपोर्ट, विम्याचा कागद, मुलीचा पत्ता आणि स्टेशनांची नावे देवनागरीत लिहिलेला एक कागद गळ्यातल्या पिशवीत. बाळंतशेपा आणि ओवा यांची एक पुरचुंडी, येसर पाव किलो, दुपटी, दोन झबली. एकूण ६ किलो ८०० ग्रॅम. वरचे २०० ग्रॅम मी मुद्दाम रिकामे ठेवले. वाटेत माणसाला काय सापडेल हे सांगता येत नाही.

परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली, सकाळी मुंबई. हे विमानतळाच्या दारापर्यंत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फ्रँकफर्टला उतरले आणि फोन सुरू केला. जावयांचा निरोप होता : “आम्ही रात्रीच दवाखान्यात आलो आहोत. काळजी नको. तुम्ही या.”

जे गृहीत धरून सामान बांधले होते ते घडले होते. घ्यायला कोणी आले नव्हते. बाहेरच्या दारात नावांच्या पाट्या घेऊन माणसे उभी होती, आणि त्यांतल्या कोणत्याही पाटीवर मी नव्हते. क्षणभर पोटात खड्डा पडला. पण माझ्या खांद्यावर एक पिशवी होती आणि दोन्ही हात मोकळे होते. विमानतळाला लागूनच असलेले रेल्वेस्थानक मी पाट्या वाचत, विचारत गाठले. मानहाइमला दुसरा फलाट गाठायला काहीच मिनिटे होती. या वयात, कोट सावरीत, मी जिन्यावरून चक्क धावले. शाळेत खो-खो शिकवत होते त्यानंतर मी धावले ती त्या दिवशीच. हायडेलबर्गला उतरून टॅक्सीवाल्याला दवाखान्याचा कागद दाखवला. घरी सामान ठेवून मग जायचे, असा प्रश्नच उद्भवला नाही, कारण ठेवण्यासारखे सामानच नव्हते.

मी खोलीत शिरले तेव्हा नात पाऊण तासाची होती. जावयांनी वाकून नमस्कार केला आणि माझ्या मागे दाराकडे पाहत विचारले, “आई, सामान कुठं आहे?” मी म्हणाले, “हेच.” सुईणीने माझ्याकडे एकदा पाहिले, हात धुवायची जागा दाखवली आणि ते इवलेसे गाठोडे माझ्या हातांत दिले. मुलगी पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाली, “आई, किती लवकर आलीस गं!” रिकाम्या हातांच्या आईची कोणाला गरज असते, याचे उत्तर मला इतक्या लवकर मिळेल असे वाटले नव्हते.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणजे सगळ्या बाळंतघरांत असतात तसेच होते. तूप नेता आले नाही, तर तिथल्या लोण्याच्या वड्या आणून मी ते घरीच कढवले; तसेच रवाळ झाले. मेथ्या आणि डिंक दुकानात मिळाले. दुपटी मात्र तशी कुठेच मिळाली नसती. नात दुसरे कापड लावले की कुरकुरे आणि लुगड्याचे दुपटे लावले की गप होई. बाराव्या दिवशी बारसे करायचे ठरले, तेव्हा मुलीनेच विचारले, “आणि वरवंटा?” मी तिला आजीची गोष्ट सांगितली, या वेळी पूर्ण. मग जावई आणि मी नेकारच्या काठी गेलो. पाण्याने गुळगुळीत केलेला, हातभर नव्हे पण वीतभर लांबीचा एक तांबूस दगड त्यांना सापडला. घासूनपुसून त्याला टोपरे घातले. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई हा प्रकार पाहून आधी चकित झाल्या. मुलीने समजावून सांगितल्यावर खाली गेल्या आणि आपल्या हातची विणलेली एक चिमुकली लोकरी टोपी घेऊन आल्या. नातीसाठी असेल असे वाटून मी हात पुढे केला. बाईंनी मान हलवली आणि टोपी दगडाला घातली.

परत यायचा दिवस जवळ आला. मी माझी पिशवी भरून, तिचे वजन करून ठेवले होते. तर आतल्या खोलीतून मुलगी एक मोठी, चाकांची, पोट फुटायला आलेली बॅग ओढत घेऊन आली. त्यात चॉकलेटे होती, आजीसाठी लोकरीचे मोजे होते, बाबांसाठी थर्मास होता, शेजारच्या वहिनींसाठीसुद्धा काहीतरी होते.

मी म्हणाले, “अगं, तूच ना म्हणाली होतीस...”

“ते येतानाचं,” ती म्हणाली. “आता २३ किलो फुकट कशाला सोडायचे?”

मी काही बोलले नाही. बॅग उचलून पाहिली, जड होती. पण मी ती नेली. मुंबईला घ्यायला हे येणार होते.